खरवडलेलं नाव

१

माझा धंदा शवपेट्यांचा. सकाळी लवकर कोणी दार वाजवलं की मी ‘कोण आहे?’ असं विचारत नाही, ‘कोण गेलं?’ असं विचारते. त्या दिवशीही तेच विचारलं. दारात सार्जंट दाकानाय उभा होता, टोपी काखेत.

"कोणी गेलं नाही, आलिंग पेमिंग," तो म्हणाला. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे आलिंग म्हणतात. "म्हणजे, आधीच गेलेला एक जण पुन्हा गेलाय."

"कोडी घालू नकोस. माझ्या पोटात अजून कॉफी नाही."

"दगडावरचं नाव गेलंय. कोणी तरी खरवडून काढलंय."

मी तशीच निघाले. आमच्या सान रुपेर्तो गावात दगड म्हटलं की तो एकच, शाळेमागच्या नारळीच्या बागेतला. युद्धाच्या शेवटच्या फेब्रुवारीत जपान्यांनी गावातले सगळे पुरुष चर्चपुढे रांगेत उभे केले. मग डोक्यावर पालथी टोपली घातलेला एक माणूस आणला. टोपलीला डोळ्यांपुरती दोन भोकं. तो एक शब्द बोलला नाही. रांगेपुढून चालत गेला आणि नुसतं बोट दाखवत गेला. ज्याच्यावर बोट आलं तो बागेत गेला, आणि सगळे एकाच चरात गेले. माझा थोरला भाऊ दामियान त्यांच्यातच. मी आईच्या झग्याआडून ते बोट पाहिलं होतं. आज साठी उलटली माझी, पण ते बोट अजून दिसतं.

युद्ध संपल्यावर त्या चरावर दगड उभा राहिला आणि त्यावर सगळी नावं कोरली गेली. आता त्या फेब्रुवारीला पन्नास वर्षं होत होती. परवा मोठा कार्यक्रम होता. गव्हर्नर येणार होते, बँड होता, आणि पहिल्यांदाच जपानहून पाहुणे येणार होते, फुलांचं चक्र घेऊन.

आणि नाव गेलं होतं कोणाचं, तर अन्सेल्मो कातिग्बाकचं. नगरपालिकेतला कारकून, साधा माणूस. त्याची विधवा कान्दिदा, जिला गाव मानाने ‘दोन्या’ म्हणतं, दर वर्षी पहिल्या रांगेत बसते. परवा तिच्या गळ्यात नवऱ्याच्या नावाचं पदक पडायचं होतं.

मी वाकून पाहिलं. आमचा दगड ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. खालच्या ओळीतलं ते एकच नाव पार सपाट झालं होतं.

"आणि हे झुडपात सापडलं," दाकानाय म्हणाला. त्याच्या हातात एक टोपली होती, आतून पांढऱ्या भुकटीने माखलेली. "ही वीण बघा. अशी वीण गावात एकाच घरात होते."

मला ती वीण ओळखायला चष्मा लागत नाही. गावात कोणालाच लागत नाही.

"तर्सिला ओलिवार," तो म्हणाला. "तिला केव्हाच आणून कोठडीत बसवलंय."

२

तर्सिलाचा बाप मकारियो टोपल्या विणायचा. जपानी गेल्यावर लोकांना शाळेत ती भोकांची टोपली सापडली. वीण ओळखीची निघाली. कॅप्टन हिलारियोन बुएनाफे, डोंगरात लपून जपान्यांशी लढलेला आमचा वीर, त्याने टोपली उंच धरून विचारलं, "ही कोणाची?" गावाने सांगितलं, मकारियोची. मग त्याला घरातून ओढून चर्चपुढे आणला आणि मारला. तर्सिला तेव्हा परकरातली पोर. तेव्हापासून तिचं नाव पडलं टोपलीवाल्याची. ती आजही टोपल्याच विणते आणि बसथांब्यावर परगावच्या लोकांना विकते. गावातलं कोणी तिच्याकडून घेत नाही.

कोठडीत ती भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "माप घ्यायला आलीस? अजून मेले नाही मी."

"तुझं माप मला डोळ्यांनीच कळतं. सांग, खरवडलंस का?"

"मला खरवडायचंच असतं तर वरचं खरवडलं असतं."

दगडाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत आहे, ‘कॅप्टन हिलारियोन बुएनाफे यांनी उभारला’. तिचं म्हणणं मला पटलं. रागावलेला माणूस ज्याचा राग आहे त्याच्यावरच तो काढतो. अन्सेल्मोने तिचं काय वाकडं केलं होतं?

"टोपली तुझीच आहे ना?"

"माझ्या हातची आहे. माझी नाही. विकलेली."

"गावात कोणाला विकलीस?"

तिने पाय जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "गावातलं जे कोणी माझ्याकडून घेतं ते मागच्या दाराने घेतं. मी नाव सांगितलं तर मागचं दारही बंद होईल. मग मी खाऊ काय? तुझ्या पेट्या?"

तेवढ्यात मेयर लेआंद्रो बुएनाफे आत आला. कॅप्टनचाच मुलगा. त्याच्या अंगाला सकाळी सकाळी अत्तराचा वास येतो.

"झालं का?" त्याने दाकानायला विचारलं. "परवा पाहुणे येताहेत. उद्या हिची रवानगी जिल्ह्याच्या तुरुंगात. हिने कबूल केलं तर बरं, नाही केलं तरी बरं."

"मेयरसाहेब, पुरावा काय आहे?" मी विचारलं.

"तुम्ही पेट्या विका ना, आलिंग. पुरावा हा काय समोर आहे. वीण ओलिवारांची आहे. बाप तशी बेटी."

तर्सिलाने फक्त मान दुसरीकडे फिरवली. ते पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, तेही एकाच घरात दुसऱ्यांदा.

"वीण काय सांगते?" मी म्हणाले. "टोपली कोणी विणली तेवढंच सांगते ना? घातली कोणी, ते कुठे सांगते?"

मला म्हणायचं होतं ‘नेली कोणी’. झुडपातली टोपली तिथे नेली कोणी. पण तोंडातून निघालं ते ‘घातली’. दाकानाय जमिनीकडे बघायला लागला, मेयरचा चेहरा उतरला, आणि तर्सिला हळूच वळून माझ्याकडे बघत राहिली. पन्नास वर्षांत हा साधा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि तो मलाही आत्ताच सुचला होता.

३

कोठडीतून निघाले ती मी इस्कोला शोधत गेले. इस्को माझ्याकडे क्रूस आणि थडग्याची अक्षरं कोरतो. कार्यक्रमाची नवी पितळी पाटी मेयरने त्याला न देता शहरातल्या कारखान्याला दिली. म्हणून हा ताडीच्या दुकानात बसून ‘तो दगडच फोडतो’ असं चारचौघांत बरळला होता. तोही संशयितच होता.

त्याला मी दंडाला धरून दगडापाशी नेला. "तुझा हात आहे का यात?"

त्याने बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. "आलिंग, माझा अपमान करू नका. मी केलं असतं तर आरशासारखं केलं असतं. ही छिन्नीच नाही. बारीक बारीक दात उमटलेत, बघा, एकाला एक चिकटून. ही खवणी आहे. नारळाची."

"खवणी?"

"खवणीचं पातं काढून हातात धरलंय. आणि हे बघा, वरच्या नावाला, खालच्या नावाला ओरखडासुद्धा नाही. ज्याने कोणी केलं त्याने जपून केलंय. भुकटीही टोपलीत भरून घेतलीय, बाकीच्यांच्या अंगावर पडू नये म्हणून."

हे द्वेषाने केलेलं काम नव्हतं. पण खवणी काय, घरोघरी असते. म्हणजे गावातल्या सगळ्या बायका संशयित. माझा जीव तळमळायला लागला. उद्या गाडी येणार, तर्सिलाला नेणार, आणि एकदा गेलेलं माणूस तिथून कधी परत येतं ते मला विचारू नका. मी दुकानात बसेना, उठून बाहेर जाई, पुन्हा आत येई. शेवटी समोरच्या लुरिंगच्या बेकरीत जाऊन बसले.

लुरिंगची बेकरी माझ्या समोर आहे ती उगाच नाही. आमच्यात मयताला किंवा दफनाला गेलेलं माणूस तिथून सरळ आपल्या घरी जात नाही. वाटेत कुठे तरी टेकायचं, चार लोकांत बसायचं. मेलेला मागोमाग येत असला तर तिथेच घुटमळावा, घरात शिरू नये म्हणून. माझ्याकडे रडून झालं की लोक लुरिंगकडे कॉफी प्यायला जातात. त्याबद्दल नाताळात ती मला एक केक फुकट देते. तोही शिळा.

"मला दोन्या कान्दिदाचं वाईट वाटतं," लुरिंग पाव मोजता मोजता म्हणाली. "नवऱ्याचं नाव जावं, तेही आत्ता. आणि बिचारी आज सकाळी इथेच बसली होती, तिला पत्ताही नसेल."

"दोन्या? इथे? तिच्या घरी तर सायकलवाला पाव देतो."

"तेच तर. मी फळी काढते तो दारात उभी. कॉफी मागितली, घोटभरही प्यायली नाही. बसली, उठली, गेली."

माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन्या कान्दिदा गेल्या कित्येक वर्षांत बेकरीची पायरी चढलेली नव्हती.

"कुठल्या मयताहून आली असेल," लुरिंग म्हणाली.

पण गावात त्या दिवशी मयत नव्हतं. असतं तर सगळ्यांआधी मला कळलं असतं.

४

दोन्या कान्दिदाने मला वरच्या खोलीत बसवलं. सत्तरी पार केलेली बाई, पण पाठ अजून सरळ. मी आले म्हणून तिने स्वयंपाकीणबाईला तांदळाचा केक आणायला सांगितला. केक आला. वर नारळ नव्हता. आमच्याकडे नारळाशिवाय तो केक पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे पाहुण्याला ‘ऊठ’ म्हणण्यासारखं आहे.

"नारळ नाही का गं?" मी स्वयंपाकीणबाईला विचारलं.

"खवणी आहे पण नसल्यासारखी," ती वैतागून म्हणाली. "परवापर्यंत नीट होती. आज दातच राहिले नाहीत. माझे हात गेले खरवडून."

"तू आत जा," कान्दिदा तिला म्हणाली.

मी खोलीभर नजर फिरवली. कपाटावर, पलंगाखाली, खिडकीपाशी टोपल्याच टोपल्या. लहान, मोठ्या, झाकणाच्या. सगळ्या एकाच विणीच्या, आणि एकीतही काही ठेवलेलं नाही.

"एवढ्या टोपल्या कशाला लागतात तुला?"

"घरात लागतात."

"भाव करतेस का तर्सिलाशी?"

"बिचारीशी काय भाव करायचा."

"आपल्या गावात बाई मासळी घेताना सख्ख्या बहिणीशी घासाघीस करते," मी म्हणाले. "जी करत नाही तिच्या मनात दुसरंच काही तरी असतं. कान्दिदा, आज सकाळी तू कुठून येत होतीस, की सरळ घरी यायची भीती वाटली तुला?"

तिने कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"दगडापाशी होतीस. हातात खवणीचं पातं होतं. सायकलवाल्याचा भोंगा ऐकलास आणि घाबरून टोपली तिथेच टाकलीस. पण घाबरलीस तरी रीत सोडली नाहीस. चरातल्या त्या सगळ्यांना घरी न्यायचं नव्हतं तुला."

"नवऱ्याचं नाव कोणी बायको खरवडते का, पेमिंग?"

"तेच मी बेकरीपासून इथवर स्वतःला विचारत आले. मग मला मेणबत्त्या आठवल्या. मृतांच्या सणाला तू एक मेणबत्ती दगडापाशी लावतेस, सगळ्यांदेखत. मग दफनभूमीतल्या मोठ्या क्रूसापाशी दुसरी. तिथे कोण लावतं? ज्यांचं माणूस दूर कुठे मातीला मिळालं ते. मी समजत होते, हवाईला वारलेल्या तुझ्या भावासाठी. पण तुझ्या भावाला तिकडून काढून मागच्या साली इथे आणला, माझ्याच पेटीत घालून पुरला. आणि तरी त्यानंतरच्या नोव्हेंबरात तू क्रूसापाशी गेलीसच."

ती खिडकीतून तळ्याकडे बघत होती.

"चरात अन्सेल्मो नाही, कान्दिदा."

"नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हता."

५

मग ती बोलली. थांबली नाही, रडलीही नाही.

"त्या जानेवारीत मला बाजारातून उचलून नेलं. शाळेच्या वरच्या मजल्यावर जपानी अधिकारी राहायचे. तिथे आम्ही पाच-सहा जणी होतो. तुम्हाला सांगितलं गेलं की कान्दिदा मावशीकडे गेलीय."

"मीही तेच ऐकलं होतं."

"सगळ्यांनी तेच ऐकलं, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. अन्सेल्मो रोज शाळेच्या फाटकाशी यायचा. मार खाऊन जायचा, पुन्हा यायचा. मग त्यांनी त्याला सांगितलं, डोंगरातल्यांना भाकरी पोचवणारे कोण ते दाखव, बायको घेऊन जा. तो कारकून होता, त्याला सगळं गाव ठाऊक. त्याने टोपली घातली."

मी कपाटावरच्या टोपल्यांकडे पाहिलं.

"मला सोडलं. त्याला नाही सोडलं. जपानी डोंगरात पळाले तेव्हा त्याला बरोबर ओढत नेलं. तिकडेच तापाने गेला. कोळसेवाल्याने त्याला पुरला आणि मला येऊन जागा सांगितली. इकडे गावाला वाटलं, तोही बागेत गेला. कॅप्टन नावं लिहून घ्यायला आला. मी तोंड उघडलं नाही."

"आणि मकारियो?"

"तो ओरडत होता की मी विणली, मी घातली नाही. मला इथे ऐकू येत होतं." तिने खिडकीवर हात ठेवला. "ही खिडकी मी लावून घेतली."

माझा भाऊ दामियान एकोणीस वर्षांचा होता. त्याच्याकडे आलेलं ते बोट या बाईच्या नवऱ्याचं होतं, आणि या बाईसाठी उठलेलं होतं. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि शाळेच्या वरच्या मजल्यावरची ती पोरगी डोळ्यांपुढे आली तशी तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच जमलं नाही. मी नारळाशिवायचा केक उगाच मोडत बसले.

"कॅप्टनला कधीच कळलं नाही?"

"मी सांगितलं ना त्याला. मकारियो गेल्यावर महिन्याने. माझ्याने राहवेना. तो म्हणाला, आता सांगून काय होणार, दगड कोरून झालाय. आणि म्हणाला, तू शाळेत होतीस हेही मग सांगावं लागेल, तयारी आहे? माझी नव्हती."

"मग आज काय झालं?"

"पदक. गळ्यात घालणार होते माझ्या. मला वाटलं, नावच नसलं तर पदक कशाचं देतील? एवढीच माझी अक्कल."

"तर्सिलाला धरलं हे कळलं नाही तुला?"

"वाटलं, सोडतील."

"मकारियोलाही सोडतील असंच वाटलं होतं का?"

हे मी मुद्दाम बोलले, लागावं म्हणून. ते लागलं. ती उठली, शाल घेतली आणि म्हणाली, "चल मेयरकडे."

६

मेयरने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही ‘काय सांगता’ म्हणाला नाही. त्यावरून मी समजले की बापाने पोराला सांगून ठेवलं होतं. नाहीतर कोठडीत माझी जीभ घसरली तेव्हा तो एवढा पांढरा पडला नसता.

"तर्सिलाला आत्ता सोडतो," तो म्हणाला. "कोणी पोराने व्रात्यपणा केला असं सांगू. इस्को नाव पुन्हा कोरेल. दोन्या, तुम्ही परवा नेहमीसारख्या पहिल्या रांगेत बसा. पदक घ्या. विषय संपला."

"आणि मकारियो?" मी विचारलं.

"आलिंग, माझ्या बापाचा पुतळा चौकात आहे. त्याने भलत्याच माणसाला मारला असं मी पाहुण्यांपुढे सांगू? तेही जपान्यांपुढे? आपली धुणी आपण त्यांच्यासमोर धुवायची? या गावाला अभिमान वाटावा असं दुसरं आहे तरी काय? एक तळं, आणि हा दगड."

"दगडाखाली माझा भाऊ आहे. अभिमानाचं तू त्याला विचार."

"झालं गेलं गंगेला मिळालं असं समजा," तो म्हणाला आणि पितळी पाटी बघायला निघून गेला. त्याच्या तोंडून हे फार सहज आलं.

तर्सिला सुटली. ‘व्रात्य पोरा’ची गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. मी तिला काही सांगितलं नाही. गोष्ट कान्दिदाची होती, तिनेच सांगायला हवी होती, आणि ती सांगेल की नाही याची मला खात्री नव्हती. त्या दोन दिवसांत मी एकही पेटी धड विकली नाही.

कार्यक्रमाला बाग फुलून गेली. गव्हर्नर बोलले, खूप बोलले. जपानी पाहुण्यांनी चक्र ठेवलं. त्यांच्यातला एक म्हातारा वाकला तो बराच वेळ वर उठलाच नाही, शेवटी दोघांनी हाताला धरून उठवला. तर्सिला आली होती. शेवटच्या रांगेच्याही मागे, एका नारळीला टेकून उभी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोकांनी जागा मोकळी सोडली होती.

मेयरने पदक काढलं आणि दोन्या कान्दिदाचं नाव घेतलं. ती मायक्रोफोनपाशी गेली. मेयर पदक गळ्यात घालायला पुढे झाला तर तिने त्याचा हात बाजूला केला.

"माझा नवरा या चरात नाही," ती म्हणाली.

मेयरने मायक्रोफोन बंद केला आणि बँडकडे बोट केलं. क्षणात राष्ट्रगीत सुरू झालं. झाडून सगळे उठले, छातीवर हात ठेवून ताठ उभे राहिले. गव्हर्नर उभे, पाहुणे उभे, मीही उभी. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं ते, गीत लागलं की माणूस उभं राहतंच. कान्दिदा थांबली नाही. ती बोलत राहिली. मी दुसऱ्या रांगेत होते, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. मागे फक्त ढोल आणि कर्णे पोचले असतील. अख्खं गाव मान ताठ करून देशाचं गाणं ऐकत होतं, आणि त्या गाण्याखाली ती म्हातारी पन्नास वर्षांचं ओझं उतरवत होती.

गीत संपायच्या आधी तिचं सांगून संपलं. बँड थांबला. मेयरने मायक्रोफोन पुन्हा चालू केला आणि हसून म्हणाला, "दोन्या फार भावुक झाल्यात." लोक खाली बसायला लागले.

"काय म्हणाली ती?"

आवाज मागून आला. तर्सिला नारळीपासून पुढे आली होती.

"मला ऐकू नाही आलं. माझ्या बापाचं नाव घेतलं तिने. ओठ हललेले दिसले मला. काय म्हणाली?"

पहिल्या दोन रांगांतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांनी ऐकलं होतं. मी कान्दिदाकडे पाहिलं. तिने ‘सांग’ अशी मान हलवली.

मी खुर्चीवर चढले. माझे गुडघे त्यासाठी नाहीत, पण चढले. मेयरने पुन्हा बँडकडे हात केला. बँडवाल्याने कर्णा मांडीवर ठेवला आणि मुंडी खाली घातली. राष्ट्रगीत लागोपाठ दोनदा वाजवायचं त्याला धारिष्ट झालं नसेल, किंवा त्याचाही कोणी चरात असेल.

"ती म्हणाली," मी ओरडून सांगितलं, "टोपली मकारियो ओलिवारने घातली नव्हती. त्याने फक्त विणली होती. घातली माझ्या नवऱ्याने, अन्सेल्मो कातिग्बाकने. मी शाळेच्या वरच्या मजल्यावर होते, मला सोडवायला. मकारियो निर्दोष होता. मला ठाऊक होतं, कॅप्टनला ठाऊक होतं. आम्ही गप्प बसलो."

गव्हर्नर त्यांच्या सेक्रेटरीला हळूच काही तरी विचारत होते. दुभाष्या जपानी पाहुण्यांच्या कानाशी लागला होता, आणि तो वाकलेला म्हातारा खाली मान घालून ऐकत होता.

तर्सिला मधल्या वाटेने चालत पुढे आली. लोक पाय ओढून घेत होते, तिला वाट देत होते. कान्दिदापासून हातभर अंतरावर ती थांबली. मला वाटलं आता ती तिला मारेल. तिला तो हक्क होता. कान्दिदालाही तसंच वाटलं असावं, तिने डोळे मिटले.

तर्सिलाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे वळली.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.